कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही

(दहावीच्या १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी छापताना घातल्या आहेत.)



संयोजकांचा फोन आला तो विषय ठरवूनच आला होता. "तू आयटीत आहेस, एआयवर बोल. सगळ्यांची मुलं त्याच वाटेला लागलीत, पालकांना उपयोग होईल." मी हो म्हटलं. दोन दिवसांनी मीच फोन केला आणि विषय बदलून मागितला. एआयवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला जे सांगायचं आहे ते या वर्गालाच सांगायला हवं, आणि ते दोन वर्षं उशिरा सांगते आहे.

आपल्यातला एक जण आज इथे नाही. शंभर मीटरला त्याला तालुक्यात कुणी हरवलं नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पहाटे छातीत दुखायला लागलं, अतिदक्षता विभागात रक्त तपासलं तेव्हा साखर तीनशेच्या पुढे निघाली. त्याला मधुमेह होता, किती वर्षांपासून ते कुणालाच माहीत नाही, कारण त्याने कधी तपासलंच नव्हतं. तपासावं असं त्याला वाटलं नाही, आपल्यालाही कधी वाटलं नाही. का वाटावं? दहावीत जी पँट होती तीच त्याला चाळिशीतही बसली असती. ग्रुपवर त्याचा फोटो आला की आपण सगळे लिहायचो, "तू काही बदलला नाहीस राव!" त्याच्या घरच्यांना विचारूनच हे सांगते आहे. त्याची पत्नी म्हणाली, "जरूर सांगा."

आता माझं सांगते. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी उंची-वजन लिहायचे, आठवतं? माझं दहावीचं वजन ३८ किलो. मला काय काय नावं होती ती इथे सांगत नाही, ज्यांनी ठेवली त्यांना ठाऊक आहेत. घरी पाहुणे आले की एक वाक्य ठरलेलं: "हिला काय, कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही." मला त्याचा अभिमान होता. लग्नात, ऑफिसात, बाळंतपणानंतरसुद्धा मी तेच मिरवलं. मैत्रिणी डाएट करायच्या आणि मी त्यांच्यासमोर दुसरी पुरणपोळी घ्यायचे.

आपल्या मित्राचं कळल्यानंतर पंधरा दिवसांनी मी रक्त तपासून घेतलं. एचबीएवनसी नावाची एक चाचणी असते, साधारण गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर ती सांगते. ५.७ च्या खाली असेल तर ठीक. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. ६.५ आणि पुढे म्हणजे मधुमेह. माझी आली ६.३. माझी उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. कुठल्याही तक्त्यात घाला, मी 'आदर्श वजन' याच रकान्यात बसते.

मला वाटलं लॅबची चूक असेल. दुसऱ्या लॅबमध्ये केली. ६.२.

आमच्या धंद्यात एखादा आकडा पटला नाही की आधी तो कुठून आला ते शोधतात. मी शोधायला बसले आणि ज्या संशोधनापाशी पोचले ते अमेरिकेतलं निघालं नाही. ते आपल्या पुण्याचं निघालं. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जन्मलेल्या बाळांची मापं त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. आपली बाळं दंडाला बारीक, पोटाच्या घेराला लहान, म्हणजे स्नायू आणि आतले अवयव कमी. पण पाठीवरची चरबी मोजली तर ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला किडकिडीत, आणि चरबी मात्र राखून ठेवलेली. याला नाव पडलं 'थिन-फॅट', बारीक-लठ्ठ.

बाळांचं सोडा, मोठ्यांचं काय? २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण आलं. त्यात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो आहे, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. मशीनमध्ये झोपून शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे जुळे भाऊ, आत दुपटीहून जास्त फरक! तो लेख वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले. चाळीस वर्षं ऐकलेलं वाक्य खोटं होतं. अंगाला लागत होतं. दिसेल अशा जागी लागत नव्हतं, एवढंच.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून पुढचं जपून सांगते. जेवलेल्या भात-पोळीची साखर होऊन रक्तात येते. ती साठवायचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. ज्याचे स्नायू कमी त्याचं कोठार लहान. त्यातून चरबी जर कातडीखाली न बसता पोटातल्या अवयवांभोवती आणि यकृतात बसली, तर इन्शुलिनचं ऐकणं शरीर कमी करतं. कोठार लहान आणि त्याची कडीही घट्ट. मग साखर रक्तातच फिरत राहते. हे सगळं होताना वजनकाटा अर्धा किलोसुद्धा हलत नाही.

आयसीएमआरने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले तेव्हा पेपरात मोठे मथळे होते, तुम्हीही वाचले असतील. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह, आणि साडेतेरा कोटींच्या वर उंबरठ्यावर. गोव्यात सगळ्यात जास्त, २६.४ टक्के. आपण मथळा वाचतो आणि पान उलटतो, कारण तो आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही.

म्हणून आता एक करूया. वही-पेन नको, बोटांवर मोजा. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी एक साधी गुणपद्धत केली आहे. शंभर मार्कांचा पेपर, फक्त इथे जास्त मार्क म्हणजे वाईट. वय पस्तिशीच्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढे ३०. म्हणजे आपल्या सगळ्यांचे वीस आधीच झाले. कंबर: बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, ८० ते ८९ ला १०, पुढे २०. पुरुषांना दहा सेंटिमीटर सूट आहे. अंगमेहनतीचं काम आणि नियमित व्यायाम दोन्ही असेल तर शून्य, बैठं काम आणि व्यायाम नाही तर ३०, मधलं असेल तर मधले. आई किंवा वडील, एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. साठ किंवा जास्त झाले तर धोका मोठा, रक्त तपासायचंच.

माझे सांगते. वयाचे २०. कंबर ८४, तिचे १०. दिवसभर खुर्ची, ३०. बाबांना मधुमेह होता, त्याचे १०. बेरीज ७०. शाळेत गणिताच्या सरांकडून इतके मार्क कधी मिळाले नाहीत.

तुमच्या लक्षात आलं का, या पेपरात वजनाचा प्रश्नच नाही.

बाबांबद्दल एक वाक्य बोलते, फार नाही. तेही सडपातळ होते, सायकलवर ऑफिसला जायचे. पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरली नाही तेव्हा कळलं. नंतरची नऊ वर्षं आमच्या घरात त्या पायाभोवतीच फिरली. एवढं डोळ्यांसमोर घडूनही मला वाटत होतं की आपण बारीक आहोत म्हणजे सुटलो.

बरं, मग मी काय केलं? डॉक्टरांनी गोळी दिली नाही, सहा महिने खाण्यात आणि हालचालीत बदल करून बघू म्हणाल्या. मी इंजिनियर. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. दंडाला लावायचा एक सेन्सर मिळतो, दोन आठवडे चालतो, दिवसभर साखरेचा आलेख मोबाइलवर दाखवतो. तो लावला. महाग आहे, आणि प्रत्येकाने लावायची अजिबात गरज नाही. आता तर ज्यांना काही झालेलं नाही अशांनाही तो विकायची चढाओढ चालू आहे, त्याच्या नादी लागू नका. पण त्या चौदा दिवसांत मला जे दिसलं ते सांगते, एका माणसाची गोष्ट म्हणून ऐका.

सकाळचे पोहे, वर साखरेचा चहा आणि दोन मारी: आलेख टेकडीसारखा वर. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी: टेकडी नाही, सरळ कळसूबाई. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि आपण तो उपास म्हणून खातो. मला खरा धक्का बसला तो भाकरीने. मधुमेह म्हटलं की पहिला सल्ला येतो, भात-पोळी सोडा, ज्वारीची भाकरी खा. मी सोडली. पोळीच्या जागी दोन मोठ्या भाकऱ्या खाल्ल्या आणि आलेखात फारसा फरक नाही. वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग २०२५ मध्ये त्याच आयसीएमआरच्या पाहणीतला आहाराचा भाग प्रसिद्ध झाला. आपण भारतीय रोजच्या उष्मांकातले सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो, आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण धान्य तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. धान्य कमी करून त्याची थोडी जागा डाळी, दूध-दही यांतल्या प्रथिनांना दिली की मात्र कमी दिसला. ही पाहणी आहे, प्रयोग नाही, म्हणजे अमुक केल्यानेच तमुक झालं असं ती सिद्ध करत नाही. पण मला माझ्या दोन भाकऱ्यांचं उत्तर मिळालं. भाकरी वाईट नाही हो. तिसरी भाकरी वाईट.

आमच्या घरी यावरून महाभारत झालं. आपलं जेवण सुरू कशाने होतं? वरण-भात-तूप. लिंबू पिळून. मी क्रम उलटा केला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी आणि मूठभर. आई म्हणाली, "देवाच्या नैवेद्यालासुद्धा वरण-भात आधी लागतो, तू कोण मोठी?" आई आता ७६ वर्षांची आहे, तिच्याशी वाद घालायचा नसतो. ती तिच्या क्रमाने जेवते, मी माझ्या. या क्रमावर न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली झालेला एक प्रयोग व्हॉट्सॲपवर सारखा फिरतो: भाजी आणि प्रथिनं आधी, पाव शेवटी खाल्ला तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. खरं आहे. पण त्या प्रयोगात माणसं किती होती? अकरा. अकरा जणांनी वापरून बघितलं म्हणून आम्ही एखादं सॉफ्टवेअर बाजारात आणलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल. मी क्रम बदलला कारण त्यात पैसे जात नाहीत आणि भात आपोआप कमी खाल्ला जातो. यापुढे तसा एखादा संदेश आला तर 'सर्वांना पाठवा'च्या आधी एवढं बघा, माणसं किती होती.

प्रथिनं म्हटलं की लोक पावडरचे डबे आणतात. मीही आणला होता, तो तसाच पडून आहे. त्याआधी आपल्या आमटीकडे बघा. आपली आमटी म्हणजे पाण्यात डाळ शोधायची. तीच थोडी घट्ट करा, किंवा मुगाची, मटकीची उसळ करा. वाटीभर दही घ्या. अंडं खाणाऱ्यांनी अंडं, मासे खाणाऱ्यांनी मासे खावेत. शेंगदाणे आपल्याकडे कशातही पडतात, ते बरंच आहे, फक्त बेताने. हिशोब सोपा आहे: दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं. मला सुमारे ४५ ग्रॅम लागतात. मी एक आठवडा लिहून काढलं तर ३० च्या पुढे गेलेच नव्हते, आणि मी स्वतःला चांगलं खाणारी समजत होते.

पण नुसतं ताट बदलून कोठार मोठं होत नाही. त्यासाठी स्नायू वापरावे लागतात. शारीरिक शिक्षणाचे सर इथे आहेत. सर, गृहपाठ विसरला की तुम्ही आम्हाला कान धरून उठाबशा काढायला लावायचात. त्याच उठाबशा मी आता पुण्यात पैसे भरून काढते. ती मुलगी त्याला 'स्क्वॉट' म्हणते आणि कान धरू देत नाही. पहिल्या दिवशी आठ निघाल्या आणि दोन दिवस जिना उतरता आला नाही. आज तीन वेळा पंधरा काढते. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, म्हणून सुरुवात तिथून. आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालते, कारण काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, त्यासाठी इन्शुलिनची वाट बघत नाही. सेन्सरवर हे सगळ्यात स्वच्छ दिसलं. तेच जेवण, तीच वेळ, एक दिवस सोफ्यावर आणि एक दिवस सोसायटीच्या आवारात. शेजाऱ्यांना वाटलं आमचं घरात भांडण झालंय.

दहा हजार पावलांचं दडपण मात्र घेऊ नका. तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच होतं 'दहा हजार पावलांचं मापक'. आपल्या मनगटावरच्या घड्याळांनी तो तसाच उचलला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ बायकांचा एक अभ्यास आला. त्यांचं सरासरी वय ७२, म्हणजे आमच्या बाईंच्याच वयाच्या. दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांतसुद्धा, २,७०० चालणाऱ्यांच्या मानाने, पुढच्या काही वर्षांतले मृत्यू स्पष्ट कमी होते. साधारण साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसेनासा झाला. बाई, तुम्ही बाजारात जाऊन येता तेवढ्यात निम्मं होतं.

दोन गोष्टी जरा गंभीरपणे सांगते. ज्यांना आधीच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी माझं ऐकून उद्यापासून भात-पोळी एकदम कमी करू नये. औषध तेवढंच आणि खाणं कमी झालं तर साखर खाली घसरते, ते जास्त धोक्याचं. आधी डॉक्टरांशी बोला. आणि बायकांनो, अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. आपल्यातल्या किती जणींचं हिमोग्लोबिन कमी असतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन, दोन्ही सोबत करून घ्या.

आठ महिन्यांनी माझा आकडा ५.८ आला. म्हणजे उंबरठ्यावरच आहे, फक्त दाराच्या बाहेरच्या बाजूला सरकलेय. वजन एक किलोने वाढलं, कंबर पाच सेंटिमीटरने कमी झाली. ५.७ च्या खाली जाईल की नाही सांगता येत नाही. दिवाळीत वर जातो, श्रावणात उपासांमुळे वर जातो, ऑफिसात रिलीज असला की वर जातो. एकदा तर लेकीच्या दहावीच्या निकालाच्या आठवड्यात गेला होता. बाबांकडून आलं आहे ते पूर्ण जाणार नाही. पण बाबांना कळलं ते जखमेवरून, मला एका कागदावरून कळलं. आपल्या मित्राला तोही मिळाला नाही.

या हॉलच्या दाराशी, नावं नोंदवायच्या टेबलावर, मी शिंप्याच्या दोन टेप ठेवल्या आहेत. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापायचं. मागच्या बाकावरचे, तुम्ही पोट आत ओढणार हे मला माहीत आहे. गावातल्या लॅबवाल्यांशी बोलून ठेवलं आहे, उद्या रविवारी सकाळी सात ते नऊ ते उघडं ठेवणार आहेत. उपाशीपोटी जायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही. जे बारीक आहेत त्यांनी आधी जा.

आता जेवणाकडे वळू. मेनू मी पाहिला आहे. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. जिलबी मी खाणार आहे, एक, आणि शेवटी. कोशिंबीर-उसळीचं टेबल वाढप्यांना सांगून रांगेत पहिलं लावून घेतलं आहे, संयोजकांची माफी मागून. जेवण झालं की खुर्च्या पकडू नका. शाळेमागच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं लागतात. मधल्या सुट्टीत आपण सात मिनिटांत जाऊन यायचो, आणि सगळ्यांच्या आधी वर कोण पोचायचा ते तुम्हाला सांगायला नको. अडीच वाजता पाण्याच्या टाकीपाशी जमू.